फाल्गुनात पाऊस, वर परत थंडी: कोरड्या सालात ह्याला वरदान म्हणायचं की संकट?

सिन्नरी_पोरगा (धागाकर्ता) | ३ मार्च, रात्री ९:४०

मंडळी,

काल पहाटे तीनला वडिलांचा फोन आला. अशा वेळी गावाकडून फोन म्हटलं की पोटात गोळाच येतो. उचलला तर पलीकडून पत्र्यावर ताडताड आवाज आणि त्यात वडील ओरडतायत, "ऐक, ऐक, पाऊस!" दुसरं काही बोललेच नाहीत. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर अंधारात बसून मी दोन मिनिटं सिन्नरचा पाऊस ऐकला.

आमचं गाव सिन्नरच्या पूर्व भागात. नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धरणं आणि द्राक्षं येतात, आमच्याकडे टँकर येतो. गेला पावसाळा असातसाच, परतीचा तर फिरकलाच नाही. विहिरीनं जानेवारीतच तळ दाखवला. गहू दीड एकर, हरभरा एक एकर, कांदा यंदा लावलाच नाही. गव्हाची शेवटची दोन पाणी राहिली होती आणि वडिलांनी त्याची आशा सोडून दिली होती.

सकाळी साडेसातला दुसरा फोन. निफाडची मावशी. आमच्यापासून पन्नास किलोमीटरही नाही. ती रडत होती. द्राक्षबाग काढणीला आलेली, परवा व्यापारी येणार होता.

आणि आज सकाळपासून उत्तरेचं वारं सुटलंय. मागच्या आठवड्यात उघड्यावर बाज टाकून झोपणारे वडील आज शेकोटीपाशी बसलेत.

आता ह्या पावसाचं करायचं काय? वडिलांशी बोलताना हसू येतं, मावशीशी बोलताना लाज वाटते. तुमच्याकडे कोरड्या सालात असा पाऊस आणि मागून थंडी आली तेव्हा नेमकं कुणाचं भलं झालं? हिशेब असेल तर हिशेब द्या, नसेल तर आठवणी.

नाठाळ | ३ मार्च, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

गच्चीवाली | ३ मार्च, रात्री १०:०५

वरदान की संकट ते तुम्ही शेतकरी ठरवा, माझ्या कुरडया गेल्या एवढं मला माहीत आहे.

तीन दिवस गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, चीक काढला, परवा सकाळी उठून दहा तास राबून गच्चीभर घातल्या. फाल्गुनात पाऊस येतो का कुठे म्हणून रात्री नुसती साडी झाकली. सकाळी पाहिलं तर सगळ्याचा लगदा. सासूबाई म्हणाल्या, "चीक समजून खा तूप घालून." खाल्ला. अजून खातोय.

पेठेतला_पारा | ३ मार्च, रात्री १०:३१

एवढं वाईट काय आहे त्यात? आमच्याकडे पुण्यात आज सकाळी काय सुंदर हवा होती! हवा धुतल्यासारखी, टेकडीवर गुलाबी थंडी, खाली येऊन मिसळ. मार्चमध्ये स्वेटर घालायला मिळणं हे भाग्य.

"होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतात. होळी अजून व्हायची आहे, म्हणजे थंडी नियमानेच चालली आहे. आपणच कपाट घाईने आवरलं.

अवांतर: थंडीचं कौतुक पुण्याला नवीन नाही. १७ जानेवारी १९३५ ला इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता. आजोबा सांगायचे की त्या दिवशी हौदातल्या पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

नाठाळ | ३ मार्च, रात्री १०:३४

पुण्यातल्या हवामान खात्याच्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ मध्ये सिमल्याहून मुख्यालय हलवलं तेव्हा थोडी थंडी पण ट्रंकेत घालून आणली असणार. पुणेकरांना वाटतं ती त्यांची स्वतःची.

(सविस्तर लिहितो.)

पिंपळगाव_बसवंत | ३ मार्च, रात्री ११:१५

पारासाहेब, तुमची गुलाबी थंडी आमच्या द्राक्षांना पण झाली बरं का. आमच्याकडे त्याला पिंक बेरी म्हणतात. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी पिकायला लागायच्या वेळी रात्री गारठा आणि दुपारी कडक ऊन असं झालं की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते. खायला गोडच लागतात, पण बाहेर पाठवायच्या मालात कोणी घेत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आमच्या बागेत आलात तर एकेका घडाला वर्तमानपत्राचं कागदी झबलं घातलेलं दिसेल. पेपरची रद्दी आम्ही विकत आणतो. तुमच्या मिसळीखालचा पेपर आणि आमच्या घडावरचा पेपर एकच असेल कदाचित.

आता धागाकर्त्याच्या मावशीचं. त्यांची बाग काढणीला आली होती म्हणजे साखर भरलेली, साल ताणलेली. वर्षभर पाणी कमी, मुळं तहानलेली. अशात एकदम पाऊस झाला की मुळं पाणी ओढतात, मणी पण वरून पाणी पितो, आणि साल फाटते. मणी तडकला की आतला रस घडात ओघळतो, त्यावर बुरशी, आणि चांगल्या मण्यांनाही ती लागते. कोरड्या सालात हे जास्त होतं हे लक्षात घ्या. पाणी नियमित असतं तर तीच बाग थोडी तरी टिकली असती.

आणि खरी गोम पुढेच आहे. पाऊस पडल्यावर बुरशीनाशक मारायला पाहिजे. पण काढणी दोन-चार दिवसांवर असताना फवारलं तर औषधाचा अंश मालात राहतो आणि तपासणीत माल नापास. नाही फवारलं तर माल सडतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीत पाणी नाही.

तुमच्या मावशीला म्हणावं, तडकलेले मणी कात्रीने काढून घ्या, उन्हाआधी, माणसं मिळतील तेवढी लावून. उरलेला माल स्थानिक बाजारात लगेच हलवा. भाव पडलेला असेल, पण थांबलात तर तोही नाही.

सिन्नरी_पोरगा | ३ मार्च, रात्री ११:२२

दादा, मनापासून आभार. आत्ताच फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, कात्र्या आहेत, हात नाहीत. आई उद्या पहाटेच्या गाडीने जातेय.

पेठेतला_पारा | ३ मार्च, रात्री ११:४०

बसवंतराव, माफी. गुलाबी हा शब्द परत वापरणार नाही. प्रतिसाद तसाच ठेवतो, लोकांना तुमचा समजायला हवा.

मळभ | ४ मार्च, सकाळी ७:२०

थोडं हे का होतं त्याबद्दल. मी हवामान खात्यात नाही, पण नाद आहे.

हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला उत्तर भारतात पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात येतात. त्यांचा उगम भूमध्य समुद्राकडे. वरच्या थरातल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते हिमालयाला धडकतात. एरवी आपल्याला त्यांचं सोयरसुतक नसतं. पण एखाद्या झंझावाताचा पदर दक्षिणेपर्यंत लोंबला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा आत आला, की दोघांची गाठ महाराष्ट्रावर पडते. वर थंड कोरडी हवा, खाली उबदार ओली. खालची वर उसळते, ढग उभे वाढतात.

गारा फेब्रुवारी-मार्चमध्येच का जास्त? मे महिन्याच्या वळवातही ढगात गारा होतात, पण तेव्हा गोठणबिंदूची पातळी बरीच उंच असते. गारेला जमिनीपर्यंत गरम हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो, वाटेत ती विरघळते. आत्ता ती पातळी खाली आहे, म्हणून गार डोक्यावर पडते.

आणि मागून थंडी का? झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या पाठीमागे उत्तरेची थंड, कोरडी हवा ओढली जाते. आकाश निरभ्र होतं, रात्री जमिनीतली ऊब झाकणाविना वर निघून जाते. कोरडी माती दिवसा पटकन तापते आणि रात्री पटकन निवते, ओली माती ऊब धरून ठेवते. म्हणून तर गारठ्याच्या रात्री निफाडचे लोक पहाटे बागेला पाणी देतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात २०१८ च्या डिसेंबरात पारा दोन अंशांच्या खाली गेला होता, ते ह्याच कोरड्या, निरभ्र हवेमुळे. तो पावसाळाही तुटीचाच होता.

शंकासुर | ४ मार्च, सकाळी ८:०३

म्हणजे पाणी द्यायला पाणी पाहिजे. ज्याच्याकडे पाणी नाही त्याला थंडी पण जास्त. देवा, तुझा हिशेब कोण तपासतो?

अश्दोदकर | ४ मार्च, सकाळी ९:४५

मळभ, भूमध्य समुद्राचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी इस्रायलमध्ये अश्दोदला. आजोबा रेवदंड्याचे, तेलाच्या घाण्याचे, शनिवार तेली म्हणायचे आम्हांला, म्हणजे आम्ही बेने इस्रायली ज्यू. घरात अजून मराठीच.

तुमच्याकडचा हा पाऊस म्हणजे आमच्याकडचा उष्टा माल असतो. सगळाच नाही, पण इथे सायप्रसच्या बाजूने ढग आले, दोन-तीन दिवस झोडपून गेले, की मी मुंबईच्या आत्याला गमतीने सांगतो, "पाठवलाय, उतरवून घे."

आमच्याकडे मात्र ह्या पावसाला कोणी शिव्या देत नाही. इथे पावसाळा हिवाळ्यात. पहिल्या पावसाला योरे म्हणतात आणि शेवटच्या, वसंतातल्या पावसाला मल्कोश. दोन्ही नावं थेट धर्मग्रंथातली. शरद ऋतूतल्या सणापासून पेसाखपर्यंत, म्हणजे वसंतातल्या वल्हांडण सणापर्यंत, प्रार्थनेत पावसाचा उल्लेख करतात, पेसाखपासून बंद. मग दवासाठी प्रार्थना. म्हणजे देवाकडे पाऊस मागायचीसुद्धा तारीख ठरलेली. अवेळी मागायचा नाही, पिकाचं वाटोळं होतं, हे त्या जुन्या लोकांना पक्कं कळलेलं.

तानपुरा | ४ मार्च, सकाळी १०:१०

मल्कोश! मी मालकंस वाचला आणि म्हटलं पावसासाठी मल्हार सोडून ह्यांनी हा कुठला राग धरला.

नाठाळ | ४ मार्च, सकाळी १०:१२

मालकंस रात्रीचा राग. पाऊस पण पहाटे तीनला आला. जमतंय.

शंकासुर | ४ मार्च, सकाळी १०:१५

नाठाळ, सविस्तर कधी?

मोसंबीचा_मळा | ४ मार्च, दुपारी १:३०

जालन्याहून लिहितोय. धागाकर्त्यानं हिशेब मागितला म्हणून, नाहीतर हे आठवायची इच्छा नसते.

२०१२ चा दुष्काळ. आमची मोसंबी बारा वर्षांची झाडं. २०१३ चा उन्हाळा टँकरनं काढला. घरी प्यायला विकतचं पाणी आणि झाडाला पण विकतचं पाणी. प्रत्येक झाडाच्या बुडाशी घागर घागर. अर्धी झाडं तोडली, अर्धी जगवली. कर्ज झालं, पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला, झाडांनी पालवी धरली. वडील म्हणाले, सुटलो.

२०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालं ते मार्चच्या मध्यापर्यंत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दुपारी आभाळ काळंनिळं व्हायचं, विजा, आणि गारा. राज्याच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांत झाली ती गारपीट. आमच्या शिवारात सकाळीसुद्धा बांधाच्या सावलीला गारांचे ढीग होते. लोक फोटो काढत होते, काश्मीर काश्मीर करत. मी झाडाकडे पाहिलं. फळं तर गेलीच, गारेनं खोडाची साल सोललेली. पोपट मरून पडलेले झाडाखाली, त्यांचा रंग अजून दिसतो.

त्यात ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागलेली. पंचनामा होणार का, मदत जाहीर करता येते का, ह्यातच दिवस गेले. तेव्हा पन्नास टक्के नुकसान असेल तरच मदत असा नियम होता, तो तेहेतीस टक्क्यांवर पुढच्या वर्षी आला.

आणि त्याच सालचा पावसाळा परत कोरडा. त्याच्या पुढचाही. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं. आमचं काय झालं म्हणाल तर मोसंबी काढली. आता तूर आणि सोयाबीन.

तुमच्या वडिलांच्या गव्हाला पाणी मिळालं, चांगलं झालं, त्यांनी आनंद करावा. कुणाच्या शेतात काय पडलं ते त्यांच्या हातात नव्हतं.

गच्चीवाली | ४ मार्च, दुपारी १:५०

दादा, माझ्या कुरडयांचं मी उगाच लिहिलं असं वाटलं.

मोसंबीचा_मळा | ४ मार्च, दुपारी १:५८

नाही ताई. वाळवण पण वर्षाचंच असतं.

सूटबूट | ४ मार्च, दुपारी ३:०५

दरवर्षी हेच. अवकाळी येणार हे माहीत असतं तर शेतकरी बागेवर प्लास्टिकचं आच्छादन का टाकत नाहीत? विमा का काढत नाहीत? शहरात आम्ही दुकानाला पत्रा टाकतोच ना. नुसतं रडून काय होतं?

पिंपळगाव_बसवंत | ४ मार्च, दुपारी ३:४०

सूटबूटराव, दुकानाचा पत्रा एकदा टाकला की झालं. बागेवरचं आच्छादन एकरी लाखांत जातं, वाऱ्यानं फाटलं की नवं. काहींनी टाकलंय, त्यांची बाग वाचलीय, मी नाकारत नाही. ज्याच्याकडे आधीचंच कर्ज आहे त्यानं कुठून आणायचं?

विम्याचं सांगतो. फळपिकाचा विमा हवामानावर चालतो. पाऊस किती पडला ते महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांना मिळून असलेल्या एका हवामान केंद्रावर मोजतात. मार्चचा पाऊस असा की रस्त्याच्या ह्या बाजूला धो धो आणि त्या बाजूला धूळ. माझ्या बागेत पाऊस, केंद्रावर कोरडं, एका वर्षी असंच झालं. मी कंपनीला फोटो पाठवले, त्यांनी मला केंद्राचा आकडा पाठवला. दोन्ही खरे होते.

तासगावचा_बेदाणा | ४ मार्च, दुपारी ४:२०

बसवंतदादा, तुमचा माल झाडावर भिजला, आमचा रॅकवर भिजला की ओ.

बेदाण्याचं शेड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. जाळ्यांचे मजल्यावर मजले असतात, वर छप्पर, बाजू उघड्या, वारा खेळायला पाहिजे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, त्यानं सालीवरची मेणाची पापुद्री मोकळी होते आणि पाणी लवकर उडतं. मग जाळीवर पसरायची. कोरडी हवा असली तर पंधरा दिवसांत बेदाणा तयार, हिरवागार. जतला, कवठेमहांकाळला शेडं का? कारण तिकडे पाऊस नाही. दुष्काळच आमचं भांडवल आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे.

तर असल्या भागात मार्चमध्ये तिरपा पाऊस आला की बाजूनं झड आत येते. निम्मा वाळलेला माल ओला झाला की काळा पडतो. हिरव्या बेदाण्याचा भाव आणि काळ्या बेदाण्याचा भाव ह्यात जमीन-अस्मान. मागून थंडी म्हणजे आणखी वांधा, वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात बुरशी. ताडपत्र्या ओढायला आमच्याकडे अख्खं घर, पाहुणे, सगळे शेडवर. गेल्या खेपेला नवा जावई पहिल्यांदा आला होता, त्याला पण दोरी धरायला लावली. अजून बोलून दाखवतो.

हर्णैचा_आंबा | ४ मार्च, संध्याकाळी ६:०२

आंब्याचं कुणी बोललं नाही म्हणून.

हापूसला मोहोर यायला थंडी लागते, हे सगळे जाणतात. पण थंडी कधी लागते हे महत्त्वाचं. डिसेंबरात पडली तर शहाणी. फेब्रुवारी-मार्चात, झाडावर वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी धरलेली असताना परत गारठा आला, तर झाडाचं डोकं फिरतं. त्याच फांदीला नवा मोहोर येतो. ह्याला पुनर्मोहोर म्हणतात. झाड मग अन्न नव्या फुलांना देतं आणि धरलेली कैरी उपाशी राहून गळते. म्हणजे बघा, झाड बहरलंय म्हणून पर्यटक खूश, आणि मालक खाली पडलेल्या कैऱ्या मोजतोय. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्यावर पहिला मोहोर पूर्ण फुलला की जिब्रेलिक ॲसिड मारायला सांगितलंय, वीस लिटर पाण्याला एक ग्रॅम. आता मार्चात मारून उपयोग नाही.

पावसानं मोहोर भिजला तर करपा आणि भुरी हे रोग, ढगाळ हवेत तुडतुडे ही कीड. पाऊस गेल्यावर फवारणी, आणि ती झाली की परत पाऊस.

कोकणात कोरडं साल म्हणून काही मोठंसं नसतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मला त्या पावसाचा काहीच फायदा नाही. निव्वळ तोटा. त्यामुळे माझा हिशेब सोपा.

नागपुरी_संत्रं | ४ मार्च, रात्री ८:४४

अरे भाऊ, आमच्या झाडाचं पाहा न. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेला संत्रा तोडाले आला ह्याच वक्ती, अन् आंबियाचा, म्हणजे पुढच्या मालाचा बहार फुटून राहिला त्याच महिन्यात. म्हणजे गार आली त यंदाचा माल पण गेला अन् पुढचा पण. एका दगडात दोन वर्सं.

गडचिरोलीकडे माझा भाचा मास्तर आहे. तो सांगून राहिला होता का मोह गळाले आता सुरू होईन. पहाटे पहाटे बाया टोपले घेऊन झाडाखाली जातात. फुल पाण्यानं भिजलं का वाळत नाही, काळं पडते, व्यापारी हातात घेत नाही. त्याचा पंचनामा कोन करते? मोहाचं झाड कोनाच्या सातबाऱ्यावर आहे?

शंकासुर | ४ मार्च, रात्री ९:०१

हा मुद्दा एकदम बरोबर. वेगळा धागा काढा काका.

सुमनआजी | ५ मार्च, सकाळी ६:५०

नातवानं टंकलेखन शिकवलंय, चुका पोटात घाला.

सिन्नरच्या बाळा, तू गव्हाचं लिहिलंस, हरभऱ्याचं विचारलंच नाहीस. आमच्या लहानपणी, मंगळवेढ्याकडचं सांगते, हरभरा फुलात आला की रात्री त्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरायचो. पहाटे दवानं ते भिजलेलं असायचं. पिळून बाटलीत भरायची, ती आंब. पोट दुखलं की चमचाभर. पाल्यावरची ती आंबट खारट चव अजून जिभेवर आहे. हरभऱ्यात अनवाणी चाललं की पायाची कातडी चरचरायची.

पाऊस झाला की आंब धुऊन जायची, आणि आई म्हणायची, आता घाटेअळी येणार. तुझ्या वडिलांना म्हणावं, घाटे उघडून बघत जा.

ज्वारीचं तर बोलायलाच नको. शाळू काढणीला आला आणि पाऊस झाला तर दाणा काळा. भाकरी काळपट होते, चव जाते. आणि कडबा भिजला तर जनावरसुद्धा तोंड फिरवतं. दुष्काळात कडब्याला सोन्याचा भाव, म्हणून भिजलेला कडबा पाहून बापानं कपाळाला हात लावलेला मी पाहिलाय. दाण्यापेक्षा कडब्यासाठी जास्त.

तानपुरा | ५ मार्च, सकाळी ७:३०

आजी, लिहीत राहा. चूक एकही दिसली नाही.

मळभ | ५ मार्च, सकाळी ९:१५

आजींच्या आईचं निरीक्षण पक्कं आहे. हरभऱ्याच्या पानावरचे केस आम्ल सोडतात, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि अळीला ते रुचत नाही.

गव्हासाठी मात्र हे दिवस चांगले. दाणा चिकात असताना गारवा राहिला तर तो सावकाश भरतो, उन्हाचा चटका बसला तर घाईनं पिकून बारीक राहतो. फक्त वारा नको, गहू लोळतो. आणि तांबेरा रोगावर नजर ठेवा.

सूटबूट | ५ मार्च, सकाळी १०:४०

माझा प्रतिसाद जरा तिखट होता. माझा प्रश्न मात्र कायम आहे, उपाय काय? पण मोहाच्या झाडाला आच्छादन कसं घालायचं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे खरं.

अश्दोदकर | ५ मार्च, सकाळी ११:०५

इथे आज परत ढग आलेत. तिकडच्यांनी ताडपत्र्या तयार ठेवा.

तासगावचा_बेदाणा | ५ मार्च, सकाळी ११:०७

अहो, थोडे दिवस तुमच्याकडेच ठेवून घ्या की! पेसाखपर्यंत प्रार्थना आहे म्हणालात ना, जोरात करा.

सिन्नरी_पोरगा (धागाकर्ता) | १२ मार्च, रात्री १०:२०

उशिरा आलो, गावाला गेलो होतो. हिशेब घेऊन आलोय.

आमच्याकडे पाऊस मोजायचं साधन नाही. वडील शेतात जाऊन पहारीनं माती उकरतात आणि ओल बोटांनी मोजतात. ह्या पावसाची ओल चार बोटं गेली. विहिरीत काही चढलं नाही, टँकर चालूच आहे. पण गव्हाचं एक पाणी फिटलं, आणि वर आठ दिवस गारवा राहिला. ओंबी हातावर चोळून त्यांनी मला दाणे दाखवले. मळभ म्हणतात तसे भरलेत. सुमनआजी, घाटे उघडून पाहिले. दहात तीन-चार अळीचे. वडिलांनी तुम्हांला नमस्कार सांगितलाय आणि विचारलंय की आंब पिळायची राहिलीच, आता काय उपयोग.

मावशीकडे आई पाच दिवस होती. ती, मावशी, दोन जावा आणि शाळेतून घरी ठेवलेली दोन पोरं, एवढ्यांनी कात्र्या चालवल्या. व्यापारी आला, बाग फिरला, काही न बोलता गेला. दुसऱ्यानं निम्म्या भावात अर्धी बाग घेतली. उरलेला माल बेदाण्याला गेला. तासगावचा_बेदाणा, तुमच्याकडेच आला असेल कुठे तरी, जरा ताडपत्री नीट ओढा.

आता वडिलांचं. मी गेलो त्या संध्याकाळी त्यांना विचारलं की पाऊस झाला ते चांगलं की वाईट. ते बराच वेळ चिलटं वारत बसले. मग म्हणाले, "आरं, तुझ्या आईला पायली-दोन पायली गहू जास्तीचा बांधून ठेवायला सांग. निफाडला धाडायचाय." आणि उठून गोठ्यात गेले.

मोसंबीचा_मळा | १२ मार्च, रात्री १०:४१

तुमच्या वडिलांना माझा रामराम.

गच्चीवाली | १२ मार्च, रात्री १०:५५

तो गहू कुठला आहे? लोकवन असेल तर कुरडयांना पाच किलो मला पण हवाय. ह्या खेपेला गच्चीवर मेणकापड टाकणार.

नाठाळ | १३ मार्च, रात्री १२:१०

सविस्तर लिहायला बसलो तेवढ्यात दिवे गेले. बाहेर पाऊस.